औषधं देते आहे, बोलू नका

भेटायची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती, आणि दहा नंबरच्या खाटेशेजारी एक माणूस स्टुलावर ठाण मांडून बसला होता.

तिशीचा असेल. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मांडीवर तळहाताएवढी वही. पेशंटकडे त्याचं लक्षच नव्हतं. वॉर्डभर नजर फिरवायची, वहीत एक रेघ मारायची, की पुन्हा नजर फिरवायची... असं त्याचं चाललं होतं.

“भेटायची वेळ संपली,” मी म्हटलं. “आजोबांचे कोण तुम्ही?”

तो गडबडला. “मी... म्हणजे तसं...”

“भाचा आहे माझा,” आजी मध्येच म्हणाल्या.

आजोबा-आजी आमच्या वॉर्डाचे जुने पाहुणे. आजोबांचं हृदय दर दोन महिन्यांनी रुसायचं, आणि मग पंधरा दिवस मुक्काम. खाट दहा नंबरचीच हवी, खिडकीतली. त्यांचा सगळा गोतावळा मला तोंडपाठ होता. त्यात भाचा नव्हता.

“भाचा असो नाहीतर मामा असो. उठा आता.”

तो काही उठेना. तेव्हा मी सरळ दंडाला धरलं आणि त्याला दारापर्यंत नेऊन सोडलं. दारात त्याने वळून पाहिलं आणि हसला. चिडलेल्या बाईसमोर असं हसू नये, एवढीही अक्कल नव्हती त्याला. पण खरं सांगते, माझा राग तिथेच अर्धा झाला, आणि उरलेला अर्धा मी उगाच दिवसभर सांभाळत बसले.

सोमवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं होतं. बघते तर हा भाचा माइकसमोर उभा! हॉस्पिटलने नवा गुणवत्ता विभाग काढला होता आणि हा त्याचा प्रमुख. प्रमुख म्हणजे विभागात एकटाच. गेले तीन आठवडे तो वेगवेगळ्या वॉर्डात पेशंटचा नातेवाईक बनून बसला होता आणि कोण किती वेळा हात धुतं ते मोजत होता. डॉक्टर, शंभरातून एकतीस वेळा. नर्सेस, अठ्ठावन्न. मोठे डॉक्टर आपल्या हातांकडे बघायला लागले.

“एका सिस्टरने मात्र वीसपैकी एकोणीस वेळा धुतले,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं नाही. फारच ठरवून बघितलं नाही.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. “विसाव्या वेळी काय झालं होतं?”

“तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत. नंतर हात धुतले नाहीत.”

“तुम्ही पेशंट नाही.”

“पेशंटच्या स्टुलावर बसलो होतो. नियमात बसतं.” मग जरा थांबून म्हणाला, “पण धुतले नाहीत याचं वाईट नाही वाटलं मला.”

मी तडक जिना उतरले. खाली पोचल्यावर लक्षात आलं की मला वर जायचं होतं.

वॉर्डात त्याचं नाव पडलं मोजणीदार. आधी तो छत्र्यांच्या कारखान्यात होता. शंभरातली एक छत्री उघडून बघायची, मिटायची, शिक्का मारायचा. “तिथे सोपं होतं,” तो म्हणायचा. “छत्र्या उलट उत्तर देत नाहीत.”

“मग इथे कशाला आलात?”

“तेच म्हणतो ना... छत्र्या उत्तरच देत नाहीत.”

त्याच्या डोक्यात कायम काहीतरी शिजत असायचं. एकदा सकाळच्या औषधांच्या वेळी तो माझ्या ट्रॉलीमागे वही घेऊन फिरला. ती एक फेरी पूर्ण होईपर्यंत मला किती जणांनी अडवलं ते मोजायला. पंखा कमी करा. साबण संपला. डॉक्टर कधी येणार? सिस्टर, तुमचा फोन. चादर ओली झाली. सतरा वेळा! “सतरा वेळा हातातली गोळी तशीच धरून तुम्ही दुसऱ्याच कुणाशी बोललात,” तो म्हणाला. “अठराव्या वेळी गोळी भलत्याच तोंडात जाईल.”

पंधरा दिवसांनी तो लाल पट्टे घेऊन आला. खांद्यावरून तिरका घालायचा, छातीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: औषधं देते आहे, बोलू नका.

“अगं बाई, निवडणुकीला उभं राहायचंय की काय आम्हाला?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. या आमच्या वॉर्डाच्या प्रमुख. तीस वर्षांची नोकरी, आणि जीभ अशी की डॉक्टरसुद्धा जपून असत. पण पट्टा सगळ्यात आधी त्यांनीच घातला. सतराचे चार झाले. पेशंटना तर गंमतच वाटायची. पट्टा दिसला की नऊ नंबरचा ट्रक ड्रायव्हर तोंडावर बोट ठेवून बसायचा.

या पट्ट्याची सगळ्यात जास्त अडचण कुणाला झाली असेल, तर ती मोजणीदाराला. त्याला माझ्याशी काहीतरी बोलायचं असायचं. काहीतरी म्हणजे काहीही. वॉर्डाच्या दाराशी बेसिन होतं, तिथे तो उभा राहायचा आणि मी पट्टा काढायची वाट बघायचा. उभं राहायला कारण हवं म्हणून हात धुवायचा. एकदा मी मोजलं, चार वेळा धुतले.

“कातडी निघेल,” मी पट्टा घडी करत म्हटलं.

“तुम्ही फार सावकाश वाटता औषधं.”

“तुमचाच नियम.”

“माझाच... खरंय. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.”

मग कँटीनमध्ये चहा. बाहेर पावसाची बारीक भुरभुर असली की तो खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छत्र्या बघायचा आणि कुठल्या छत्रीची कोणती काडी आधी मोडणार ते सांगायचा. मी त्याच्याकडे बघायचे. त्याने वळून बघितलं की मी कपातल्या चहाकडे बघायचे. घरी आई म्हणायची, “हल्ली तू गुणगुणतेस.” मी म्हणायचे, “छे!” आणि पुन्हा गुणगुणायचे.

तो मला काय विचारणार आहे हे अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होतं. आजी तर उघडच चिडवायच्या. “माझ्या भाच्याला किती दिवस तिष्ठत ठेवणार गं?” आजोबा खाटेवरून म्हणायचे, “अगं, त्याला तोंड आहे की नाही? मी तुला तिसऱ्या दिवशी विचारलं होतं.” “तिसऱ्या नाही, दुसऱ्या,” आजी म्हणायच्या आणि पदरात हसायच्या. एक्कावन्न वर्षांचा संसार होता त्यांचा, आणि हा वाद अजून मिटला नव्हता.

मला घाई नव्हती. तो विचारणार, मी हो म्हणणार. मला वाटायचं, हे काय पळून जातंय?

त्या दिवशी आजोबांची दहा वाजता तपासणी होती, म्हणून त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. मी नाश्त्याआधीच्या इंजेक्शनांची फेरी करत होते. पट्टा अंगावर होता. ट्रॉली नऊ आणि दहा नंबरच्या मध्ये उभी. ड्रायव्हरसाठी चोवीस युनिट इन्शुलिन मी भरून घेतलं होतं आणि आता त्याच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचायची होती.

तेवढ्यात तो आला. बेसिनपाशी थांबला नाही, सरळ ट्रॉलीपर्यंत आला. केस ओले, एका हातात फोन.

मी बोटाने पट्ट्यावरची अक्षरं दाखवली.

“दिसतंय. एकच मिनिट. एकच. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलने बोलावलंय, मोठा विभाग आहे. आठ वाजता त्यांचा फोन येईल. आत्ता पावणेआठ झालेत. मी... सिस्टर, मी जाऊ की राहू?”

ड्रायव्हर कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. मुद्दाम, मला कळलं. आजी खिडकीशी उभ्या होत्या, त्याही बाहेर बघायला लागल्या. मला हसू आलं. इतकं हसू आलं की डोळे भरले.

“राहा,” मी म्हटलं.

त्याने नुसता हातातला फोन बंद केला आणि दारापर्यंत उलटा चालत गेला, माझ्याकडे बघत, सलाइनच्या स्टँडला धडकून. मी वळले. आजोबांनी सवयीने बाही वर केली. मी त्यांना इंजेक्शन दिलं. ते मी हसत दिलं. आयुष्यात एवढी सुखात मी कधीच नव्हते.

आजी तपासणीचे कागद आणायला खाली गेल्या आणि तिथे रांगेत अडकल्या. उपाशी माणूस झोपलाय तर झोपू दे, म्हणून आजोबांना कुणी उठवलं नाही. नाश्ता वाटून झाला, चादरी बदलून झाल्या. साडेनऊला ड्रायव्हरने हाक मारली.

“सिस्टर, आज मला सुई माफ का?”

मी हसत त्याच्याकडे वळले... आणि तशीच दहा नंबरकडे धावले.

आजोबांचा सदरा घामाने चिंब भिजला होता. मी हलवलं, हाका मारल्या, चिमटा काढला. बोटाला सुई टोचून साखर बघितली. अठ्ठावीस. निदान सत्तर तरी हवी. मग धावपळ, शिरेतून साखर, डॉक्टर, नळ्या. अकराच्या सुमारास आजोबांनी डोळे उघडले. आजी धावत आल्या, त्यांचा हात धरला, “अहो...” म्हणाल्या. आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, आणि नजर छताकडे वळवली.

ते जगले, पण परत आले नाहीत. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती, डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं पुरतं.

मोजणीदाराने आल्यापासून आम्हाला एकच धोशा लावला होता, चूक झाली तर लिहा. कुणाला शिक्षा होणार नाही. लपवलेली चूक दुसऱ्या वॉर्डात जाऊन पुन्हा होते. कोणी लिहीत नसे. नोकरी कुणाला नको आहे? आता मोठ्या सिस्टर मला औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं आणि हळूच म्हणाल्या, “हे बघ, आजोबांचं हृदय मुळात कमजोर. इंजेक्शनचं तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुझं अख्खं आयुष्य पडलंय.”

दार उघडून तो आत आला. साखरेचा आकडा ऐकूनच त्याला सगळं कळलं असावं. चेहरा पांढराफटक. मोठ्या सिस्टरकडे न बघता त्याने माझ्यापुढे कोरा फॉर्म ठेवला.

“लिहा,” तो म्हणाला. “मी येऊन बोललो, तेही लिहा.”

“तुमचं काय होईल?”

“लिहा हो...”

मी लिहिलं. मग संध्याकाळी आम्ही दोघं आजींकडे गेलो. हाही त्याचाच नियम, नातेवाइकांना खरं काय ते समोर बसून सांगायचं. त्याने सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात त्याचा आवाज फुटला. पुढचं मी सांगितलं. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या हातात ते तपासणीचे कागद अजून तसेच होते.

“मी बघत होते तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “तू हसलीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं... म्हटलं, बोलला बाई एकदाचा.” त्यांनी कागदांची घडी घातली. “माफी नका मागू माझ्याकडे. आत्ता माझ्याकडे नाहीये ती. ह्यांना भरवायचं कसं ते दाखवा, घास गालातच धरून बसतात.”

आठवड्याने चौकशी झाली. लहान खोली, फळा, मोठे डॉक्टर, मोठ्या सिस्टर, मी आणि तो. चौकशीची पद्धत त्यानेच घालून दिली होती. कोण चुकलं असं विचारायचं नाही. ‘का’ असं विचारायचं, एकामागून एक पाच वेळा, म्हणजे मूळ सापडतं. त्या दिवशी तो साक्षीदार होता, म्हणून खडू मोठ्या सिस्टरच्या हातात होता.

नऊचं इंजेक्शन दहाला का गेलं? मी चुकीच्या बाजूला वळले, मनगटावरची पट्टी वाचली नाही. का वाचली नाही? वाचली असं वाटलं. का वाटलं? लक्ष दुसरीकडे होतं. का?

“मी बोललो म्हणून,” तो म्हणाला. “पट्टा दिसत असताना बोललो. लिहा.”

मोठ्या सिस्टरनी लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली. “कारण मिळालं. संपलं.”

“चारच झाले,” मी म्हटलं. “पाचवा राहिला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“ते बोलले तरी मी त्यांना हाकलायला हवं होतं. मंत्र्यालासुद्धा हाकलायचा अधिकार आहे मला तेव्हा. का नाही हाकललं, ते विचारा ना कुणीतरी.” कुणीच विचारलं नाही. “कारण ते दारात दिसले तेव्हाच माझं लक्ष उडालं होतं, त्यांनी तोंड उघडायच्या आधी. मी सकाळपासून त्यांची वाट बघत होते. रोजच बघते. माझं प्रेम आहे त्यांच्यावर, म्हणून.”

मोठ्या सिस्टर फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, खडू तसाच हवेत. तो खाली मान घालून रडत होता, आवाज न करता.

“हे कसं लिहू?” मोठ्या सिस्टरनी कुणाला तरी विचारलं.

मोठे डॉक्टर खाकरले. “लिहा... परिचारिकेचं लक्ष वैयक्तिक कारणाने विचलित.”

आमच्या प्रेमाची कागदोपत्री नोंद एवढीच आहे. सांगितल्याप्रमाणे मला शिक्षा झाली नाही. उलट मी सगळं लिहिलं आणि तरी नोकरीत राहिले, हे पाहून इतर वॉर्डांतल्या मुलीही लिहायला लागल्या. नवा नियम निघाला. भरलेलं इंजेक्शन हातात असताना कोणी बोललं, तर ते फेकून द्यायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं. हा त्याने लिहिलेला शेवटचा नियम. त्याचा करार महिनाअखेरीस संपत होता. तो पुढे वाढवायचं कुणी नाव काढलं नाही, आणि त्यानेही काढलं नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, बस थांब्यावर उभे होतो. त्याच्या पायाशी एक बॅग होती. आभाळ भरून आलं होतं.

“त्या दिवशी मी नीट विचारलंच नव्हतं,” तो म्हणाला. “घाईत होतो. आज विचारतो. माझ्याशी लग्न कराल?”

किती दिवस मी या वाक्याची वाट बघितली होती. मी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, आणि तरी तोच, जिन्यात मला वर-खाली विसरायला लावणारा.

“मी सगळ्यात सुखात होते तो क्षण,” मी म्हटलं, “आणि ते इंजेक्शन... एकच क्षण आहे हो तो. मला वेगळे करता येत नाहीत. आपण घरी बसून हसायला लागू, आणि मला आजोबांची वर केलेली बाही दिसेल.”

“मलाही दिसते.”

“मग?”

“दोघांनी मिळून बघू. एकट्याने बघण्यापेक्षा...”

मला त्याचा हात धरायचा होता. धरला असता तर मी गेले असते त्याच्याबरोबर, अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हणून मी हात मागे बांधले.

“नाही,” मी म्हटलं. “आजी वर एकट्या बसल्यात. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासमोर आपण संसार मांडायचा? माझ्याने नाही होणार.”

त्याने मान हलवली. हुज्जत घालणाऱ्यांतला नव्हताच तो. चार वाजत आले होते, आजोबांना भरवायची वेळ. मी म्हटलं, येते. तो म्हणाला, या. मी फाटकातून आत गेले आणि मागे वळून बघितलं नाही.

वर आजींनी पेज कालवून ठेवली होती. मी हात धुतले, आजोबांच्या गळ्याखाली फडकं लावलं, पहिला चमचा दिला. त्यांनी तो गालात धरला. मी गालावर बोट फिरवलं तेव्हा गिळला.

“गेला?” आजींनी विचारलं.

“थांब्यावर आहे. बस यायचीये.”

“विचारलं का त्याने?”

“हो.”

“आणि तू?”

मी दुसरा चमचा भरला. “नाही म्हटलं.”

आजींनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडलेल्या मला दिसल्या.

“माझ्यासाठी म्हटलंस?”

मी फडक्याने आजोबांची हनुवटी पुसली.

“एक्कावन्न वर्षं माणूस होतं माझ्याजवळ. ते गेल्यावर किती रिकामं होतं ते मला विचार. आणि हे रिकामपण तू आपल्या हाताने घेऊन आलीस, मला दाखवायला? मला काय करायचंय त्याचं?” त्यांचे डोळे भरून आले. “अगं, पहिली चूक तुला कळली नव्हती. ही तर तू कळून केलीस.”

मी उठले. खिडकी दोन पावलांवर होती. तिथून फाटक दिसतं, रस्ता दिसतो, थांबा दिसतो. पाऊस सुरू झाला होता. थांब्यावर कोणी नव्हतं.

आजी मागून म्हणाल्या, “ये, बस. ह्यांची पेज गार होतेय.”

मी येऊन बसले आणि वाटी हातात घेतली.